ब्रिटिश दालन, व्हेनिस बिएनाले (१९५८)

इटलीतील व्हेनिस येथे १९५८ साली भरलेल्या २९व्या बिएनालेतील ब्रिटिश दालनात चित्रकार विल्यम स्कॉट, शिल्पकार केनेथ आर्मिटेज आणि मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर या तीन कलावंतांचे संयुक्त प्रदर्शन भरविण्यात आले होते. स्कॉट यांची अमूर्ततेकडे झुकलेली तैलचित्रे आणि आर्मिटेज यांची कांस्यशिल्पे हे त्याचे प्रमुख अंग होते. हे दोघे त्यापूर्वी दहा वर्षे एकाच कलाशाळेत अनुक्रमे चित्रकला व शिल्पकला या विभागांचे प्रमुख होते. त्यामुळे सपाट पृष्ठभागावर काम करणारा चित्रकार आणि धातूत काम करणारा शिल्पकार यांनी एकाच काळात, एकाच परिसरात राहून आकाराचा विचार कसा केला, हे अभ्यासण्यासाठी हे प्रदर्शन उपयुक्त उदाहरण ठरते. या बिएनालेत आर्मिटेज यांना ४५ वर्षांखालील सर्वोत्कृष्ट शिल्पकाराचा पुरस्कार मिळाला.

बिएनाले आणि ब्रिटिश दालन

‘बिएनाले’ या इटालियन शब्दाचा अर्थ ‘दर दोन वर्षांनी होणारे’ असा आहे. व्हेनिसची बिएनाले १८९५ साली सुरू झाली. ‘जार्दिनी’ या सार्वजनिक उद्यानात विविध देशांनी स्वतःच्या इमारती उभारल्या असून प्रत्येक देश आपल्या दालनात कोणाच्या कलाकृती मांडावयाच्या हे स्वतः ठरवितो. ब्रिटिश दालनाची इमारत मुळात एकोणिसाव्या शतकातील उपाहारगृहाची होती. १९०९ मध्ये वास्तुकार एडविन रिकर्ड्‌स यांनी तिचे प्रदर्शनगृहात रूपांतर केले. १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून या दालनाची जबाबदारी ब्रिटिश कौन्सिल ही संस्था सांभाळते.

राष्ट्रीय दालनांच्या या व्यवस्थेमुळे कलावंताच्या निवडीला सांस्कृतिक प्रतिनिधित्वाचे स्वरूप येते. एका बाजूला कलावंताचे वैयक्तिक काम आणि दुसऱ्या बाजूला ‘आमच्या देशाची आजची कला’ असा दावा, अशा दुहेरी दृष्टीने या दालनाकडे पाहिले जाते. त्यामुळे चित्रकार आणि शिल्पकार यांना एकत्र मांडणे हा केवळ जागेच्या सोयीचा प्रश्न राहत नाही. दोघांत मिळून देशाच्या कलेविषयी काही सांगितले जावे, अशी अपेक्षा त्यामागे असते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर बिएनाले १९४८ साली पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी हेन्री मूर यांना शिल्पकलेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ब्रिटिश शिल्पकलेकडे युरोपचे लक्ष वेधले गेले. १९५२ च्या बिएनालेत ब्रिटिश दालनाने आठ तरुण शिल्पकारांना एकत्र सादर केले. त्यांत आर्मिटेज, लिन चॅडविक, रेग बटलर, एदुआर्दो पाओलोत्सी, विल्यम टर्नबुल, बर्नार्ड मेडोज, रॉबर्ट अ‍ॅडम्स आणि जेफ्री क्लार्क यांचा समावेश होता. या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत समीक्षक हर्बर्ट रीड यांनी त्यांच्या कामासंदर्भात ‘भयाची भूमिती’ असा शब्दप्रयोग केला. युद्धाने होरपळलेल्या पिढीची अस्वस्थता त्यातून सूचित होत होती, आणि पुढे ते या पिढीचे नावच होऊन बसले. १९५६ मध्ये चॅडविक यांना शिल्पकलेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शिल्पकलेच्या या यशाच्या तुलनेत ब्रिटिश चित्रकलेचे स्थान त्या काळात अनिश्चित होते. जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथ्को, विलेम डी कूनिंग, फ्रान्झ क्लाइन आदी अमेरिकन चित्रकारांची भव्य आकाराची अमूर्त चित्रे युरोपात पोहोचू लागली होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आयोजित केलेले नव्या अमेरिकन चित्रकलेचे फिरते प्रदर्शन १९५८–५९ मध्ये युरोपातील अनेक शहरांत दाखविले गेले आणि १९५९ च्या आरंभी ते लंडनला आले. अशा वेळी ब्रिटिश चित्रकाराने अमेरिकन वाटेने जावे, की युरोपीय परंपरेशी नाते राखून अमूर्ततेची स्वतंत्र वाट शोधावी, हा प्रश्न महत्त्वाचा होता. स्कॉट यांच्या निवडीला या पार्श्वभूमीवर विशेष अर्थ प्राप्त होतो.

कॉर्शॅममधील दशक

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील कॉर्शॅम कोर्ट या जुन्या वाड्यात १९४६ साली बाथ कला अकादमी नव्याने सुरू झाली. क्लिफर्ड एलिस हे तिचे प्राचार्य होते. कलावंतांबरोबरच शाळांसाठी कलाशिक्षक घडविणे हे या संस्थेचे एक प्रमुख कार्य होते. एलिस यांनी स्वतः सतत काम करणाऱ्या कलावंतांना अध्यापनासाठी बोलाविले. १९४६ ते १९५६ या काळात स्कॉट चित्रकलेचे आणि आर्मिटेज शिल्पकलेचे विभागप्रमुख होते. पीटर लॅन्यन व टेरी फ्रॉस्ट यांसारख्या चित्रकारांनीही तेथे अध्यापन केले.

विद्यार्थ्याला तयार पद्धत न देता त्याला वस्तूकडे नव्याने पाहावयास लावणे, हे या संस्थेच्या अध्यापनाचे वैशिष्ट्य मानले जाते. स्कॉट आणि आर्मिटेज या दोघांच्याही उत्तरायुष्यातील कामाची दिशा याच दशकात निश्चित झाली. १९५८ च्या प्रदर्शनातील चित्रे आणि शिल्पे यांच्यामागे असा सहवास होता.

विल्यम स्कॉट

विल्यम स्कॉट (१९१३–१९८९) यांचा जन्म स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे झाला. त्यांचे बालपण उत्तर आयर्लंडमधील एनिस्किलन या गावी गेले. वडील नामफलक रंगविण्याचा व्यवसाय करीत. १९२७ साली एका आगीत मदतकार्य करीत असताना त्यांचा मृत्यू झाला. स्कॉट यांनी बेलफास्ट येथे आणि पुढे लंडनच्या रॉयल अकादमीच्या शाळेत शिक्षण घेतले. तेथे त्यांनी प्रथम शिल्पकलेच्या वर्गात प्रवेश घेतला होता व नंतर ते चित्रकलेकडे वळले. त्यांच्या पत्नी मेरी लूकस यांनीही शिल्पकलेचे शिक्षण घेतले होते. चित्रातील आकाराला वजन असावे, हा स्कॉट यांचा आग्रह समजून घेताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवणे उपयुक्त आहे.

स्कॉट यांचा मूळ विषय स्वयंपाकघरातील टेबल हा होता. तळण्याचा तवा, पातेली, वाट्या, अंडी, मासे, सुरी अशा साध्या वस्तू त्यांनी १९४० च्या दशकापासून वारंवार रंगविल्या. त्यांच्या स्थिरवस्तुचित्रांत फुले, फळे किंवा उंची भांडी यांची श्रीमंती नाही, गरिबाघरच्या ओट्यावरील मोजक्या वस्तू आहेत. हळूहळू या वस्तूंचे तपशील गळत गेले. तव्याचा गोल आणि त्याचा दांडा एवढेच उरले आणि टेबलाची कड केवळ एक आडवी रेषा झाली. १९५३ मधील ‘केशरी, काळा व पांढरा यांची रचना’ या चित्रात वस्तू ओळखता येत नाही. १९५६ मधील ‘हिवाळी स्थिरवस्तुचित्र’ या चित्रात मात्र ती पुन्हा डोकावते.

१९५३ साली कॅनडात अध्यापनासाठी गेले असता स्कॉट न्यूयॉर्कलाही गेले. तेथे त्यांची पोलॉक, रॉथ्को, डी कूनिंग व क्लाइन यांच्याशी भेट झाली. या चित्रकारांचे काम इतक्या जवळून पाहणाऱ्या पहिल्या ब्रिटिश चित्रकारांमध्ये त्यांची गणना होते. त्या चित्रांचा विस्तार आणि धीटपणा यांचा त्यांच्यावर परिणाम झाला. तरीही आपली मुळे युरोपातील स्थिरवस्तुचित्रांच्या परंपरेत आहेत, ही त्यांची जाणीव या भेटीने अधिक दृढ झाली. वस्तूशी असलेला धागा त्यांनी पूर्णपणे तोडला नाही. म्हणून त्यांना ‘अमूर्त चित्रकार’ म्हणताना ‘वस्तूपासून अमूर्ताकडे जाणारा’ हा अर्थ अभिप्रेत असतो. ‘वस्तूशी संबंधच नसलेला’ असा त्याचा अर्थ होत नाही.

केनेथ आर्मिटेज

केनेथ आर्मिटेज (१९१६–२००२) यांचा जन्म लीड्स येथे झाला. लीड्स कला महाविद्यालय आणि लंडनमधील स्लेड कलाशाळा येथे त्यांचे शिक्षण झाले. युद्धकाळात ते सैन्यात होते. रणगाडे व विमाने त्यांच्या बाह्याकारावरून कशी ओळखावीत, याचे प्रशिक्षण ते सैनिकांना देत. दुरून दिसणाऱ्या आकृतीची केवळ कड पाहून तिचे स्वरूप ओळखणे हा त्या कामाचा गाभा होता. त्यांच्या शिल्पांत पुढे आढळणारी बाह्यरेषेची स्पष्टता या सवयीशी जोडली जाते. युद्धापूर्वी त्यांनी दगडात व लाकडात कोरलेली बहुतेक शिल्पे नंतर स्वतःच नष्ट केली.

युद्धानंतर त्यांनी कोरीव काम सोडले. धातूच्या सांगाड्यावर प्लास्टर चढवून मूळ आकार घडवावयाचा व त्यावरून कांस्यात ओतकाम करावयाचे, ही पद्धत त्यांनी स्वीकारली. ‘वाऱ्यातील माणसे’ (१९५०) हे सुमारे ६५ सेंटीमीटर उंचीचे शिल्प, ‘फिरावयास निघालेले कुटुंब’ (१९५१) आणि ‘डायार्की’ (१९५७) या त्यांच्या प्रमुख कृती होत. यांत अनेक माणसे मिळून एकच पातळ, पडद्यासारखा पृष्ठभाग तयार होतो. त्या पृष्ठभागातून लहान डोकी आणि काटक्यांसारखे हातपाय बाहेर येतात. घडीच्या पडद्याची कल्पना आर्मिटेज यांना आकर्षक वाटत असे. शरीरे वेगवेगळी दाखविण्याऐवजी त्यांना जोडणारी पातळी दाखविल्यामुळे ‘कुटुंब’ किंवा ‘घोळका’ ही कल्पनाच दृश्य होते.

‘भयाची भूमिती’ हे वर्णन आर्मिटेज यांच्या शिल्पांना पूर्णपणे लागू पडत नाही. त्यांच्या माणसांत असहायता आहे, पण त्यासोबत सौम्य विनोद आणि आपुलकीही आहे. वाऱ्याविरुद्ध वाकून चालणारी ही माणसे भेदरलेली दिसत नाहीत, ती एकमेकांना धरून चाललेली दिसतात.

स्टॅन्ली विल्यम हेटर

हेटर (१९०१–१९८८) यांनी लंडनमध्ये रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले होते. काही वर्षे इराणमधील अबादान येथे तेल कंपनीत नोकरी करून ते पॅरिसला गेले आणि १९२७ साली त्यांनी मुद्राचित्रणाची कार्यशाळा सुरू केली. पुढे ती ‘अतेलिए १७’ या नावाने प्रसिद्ध झाली. युद्धकाळात ही कार्यशाळा न्यूयॉर्कला हलविण्यात आली होती. तेथे पोलॉक यांनीही काही काळ काम केले. १९५० मध्ये हेटर पॅरिसला परतले. धातूच्या पत्र्यावर कोरलेली रेषा ही सपाट कागदावर उमटली तरी तिला खोली असते, हा त्यांच्या कामातील महत्त्वाचा विचार होता. चित्र आणि शिल्प यांच्या मधल्या सीमेवरील हे माध्यम या प्रदर्शनात असणे म्हणूनच सुसंगत होते.

कांस्य ओतकामाची प्रक्रिया

कांस्य हा प्रामुख्याने तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू असून पारंपरिक प्रमाण सुमारे ९० टक्के तांबे व १० टक्के कथील असे असते. शिल्पासाठी वाळूचा साचा किंवा मेणाचा साचा या दोन पद्धती प्रचलित आहेत. मेणाच्या पद्धतीचे सर्वसाधारण टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

१. शिल्पकार माती किंवा प्लास्टरमध्ये मूळ आकार घडवितो व त्यावरून साचा घेतला जातो.
२. साच्याच्या आतील बाजूस मेणाचा काही मिलिमीटर जाडीचा थर दिला जातो. आतील पोकळी उष्णता सहन करणाऱ्या मिश्रणाने भरली जाते.
३. वितळलेला धातू आत जाण्यासाठी आणि हवा बाहेर पडण्यासाठी मेणाच्याच नळ्या जोडल्या जातात. नंतर सर्व भाग बाहेरून जाड आवरणात बंद केला जातो.
४. हे आवरण भट्टीत तापविले असता मेण वितळून निघून जाते. त्याच्या रिकाम्या जागेत सुमारे १,१०० अंश सेल्सियस तापमानाचा द्रव धातू ओतला जातो.
५. धातू थंड झाल्यावर आवरण फोडले जाते, नळ्या कापल्या जातात, सांधे घासले जातात आणि रसायने व उष्णता यांच्या साहाय्याने पृष्ठभागावर तपकिरी, काळसर किंवा हिरवट छटा आणली जाते.

या प्रक्रियेचे तीन परिणाम लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला म्हणजे कांस्य हा ताण सहन करणारा धातू असल्याने आर्मिटेज यांच्या शिल्पांतील बारीक हातपाय आधाराशिवाय बाहेर काढता येतात. दगडात असे अवयव सहज मोडतील. दुसरा म्हणजे प्लास्टरवर उमटलेला हाताचा व हत्याराचा खडबडीतपणा धातूत जसाच्या तसा उतरतो. तिसरा म्हणजे एकाच मूळ आकारावरून एकाहून अधिक प्रती काढता येतात. चित्र मात्र एकमेव असते. त्यामुळे ‘मूळ कलाकृती’ या शब्दाचा अर्थ दोन्ही माध्यमांत सारखा राहत नाही. शिवाय कांस्यशिल्पामागे ओतकाम करणाऱ्या कुशल कारागिरांचेही श्रम असतात आणि नामपट्टीवर त्यांचा उल्लेख सहसा नसतो.

चित्रे आणि शिल्पे यांचे सान्निध्य

चित्र व शिल्प एकत्र मांडताना एक अडचण नेहमी उद्भवते. चित्र समोरून, ठराविक अंतरावरून पाहावयाचे असते, तर शिल्पाभोवती फिरावे लागते. त्यामुळे बहुतेक वेळा शिल्प हे चित्रांमधल्या मोकळ्या जागेची सजावट ठरते किंवा चित्र हे शिल्पाची पार्श्वभूमी बनते. स्कॉट व आर्मिटेज यांच्या कामात ही अडचण काही प्रमाणात आपोआप सुटते, कारण दोघेही परस्परांच्या माध्यमाकडे झुकलेले आहेत.

आर्मिटेज यांची या काळातील शिल्पे तीन मितींची असूनही समोरून पाहण्यासाठी घडविलेली आहेत. त्यांची पातळी चित्राच्या फलकासारखी पसरते. उलट स्कॉट यांची चित्रे सपाट असूनही त्यांतील रंगाचा थर जाड आहे आणि कडा हाताने घासल्यासारख्या वाटतात. दोघांच्या रचनेतही साम्य आढळते. स्कॉट यांच्या तव्याच्या रुंद आकारातून दांडा बाहेर येतो, तसाच आर्मिटेज यांच्या रुंद देहातून हात बाहेर येतो. भरीव, जवळजवळ रिकामा मध्य आणि कडेला तीक्ष्ण, बारीक टोके ही रचना दोघांतही दिसते. यावरून एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. समान प्रश्नाची ही दोन माध्यमांतील दोन उत्तरे होत, असे म्हणता येते.

दोघांतील फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. आर्मिटेज यांच्या शिल्पात माणूस कधीच नाहीसा होत नाही. स्कॉट यांच्या चित्रात माणूस दिसत नाही, पण त्याने वापरलेल्या वस्तूंच्या रूपाने तो सूचित होतो. एका भिंतीवर रिकामे टेबल आणि समोर चालणारे कुटुंब, अशी सांगड पाहणाऱ्याच्या मनात जुळू शकते. अमूर्त चित्रापुढे ‘याचा अर्थ काय’ असे विचारून थांबणाऱ्या विद्यार्थ्याला अशा तुलनेचा उपयोग होतो. शेजारचे शिल्प पाहिल्यावर चित्रातील आकाराचे वजन, तोल व ताण यांकडे लक्ष जाते आणि अर्थाचा प्रश्न पाहण्याच्या प्रश्नात बदलतो.

पुरस्कार आणि इतर दालने

१९५८ च्या बिएनालेत परदेशी कलावंतांसाठीचे मुख्य पुरस्कार चित्रकलेत अमेरिकेच्या मार्क टोबी यांना व शिल्पकलेत स्पेनच्या एदुआर्दो चिल्लिदा यांना मिळाले. इटालियन कलावंतांपैकी चित्रकार ओस्वाल्दो लिचिनी आणि शिल्पकार उम्बेर्तो मास्त्रोयान्नी हे मानकरी ठरले. आर्मिटेज यांना ४५ वर्षांखालील शिल्पकारासाठीचा पुरस्कार मिळाला. १९६० मध्ये हाच मान पाओलोत्सी यांना लाभला.

त्याच वर्षी अमेरिकन दालनातही चित्र व शिल्प एकत्र होते. तेथे टोबी व रॉथ्को यांची चित्रे आणि डेव्हिड स्मिथ व सेमूर लिप्टन यांची शिल्पे मांडलेली होती. स्मिथ धातूचे तुकडे जोडून म्हणजेच वितळजोडाने शिल्प उभारीत. ओतीव कांस्य आणि जोडलेले पोलाद या शिल्पकलेच्या दोन भिन्न वाटा त्या उन्हाळ्यात एकाच उद्यानात पाहावयास मिळाल्या. बिएनालेनंतर ब्रिटिश दालनातील प्रदर्शन पॅरिससह युरोपातील इतर शहरांतही दाखविण्यात आले.

भारताशी संबंध

हेटर यांच्या पॅरिसमधील कार्यशाळेत भारतीय कलावंतांचे महत्त्वपूर्ण योगदान आहे. शांतिनिकेतनमध्ये शिकलेले कृष्णा रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले व सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले कैको मोती यांनी हेटर यांच्यासह रंगांच्या दाटपणातील फरकावर आधारित मुद्रणतंत्र विकसित केले. कमी-अधिक खोलीच्या एकाच पत्र्यावर कठीण व मऊ रुळांनी वेगवेगळ्या दाटपणाची शाई लावून एकाच दाबात बहुरंगी छाप घेणे हे या तंत्राचे वैशिष्ट्य आहे.

कॉर्शॅम येथे १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात शिकलेले चित्रकार हॉवर्ड हॉजकिन पुढे भारतीय लघुचित्रांचे संग्राहक म्हणून प्रसिद्ध झाले. मुंबईचे वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी नवी दिल्लीत रचलेल्या ब्रिटिश कौन्सिलच्या इमारतीच्या दर्शनी भागावरील काळ्या-पांढऱ्या दगडांतील भित्तिचित्र हॉजकिन यांच्या आराखड्यानुसार आहे.

मेणाच्या साच्यातून धातू ओतण्याची पद्धत भारतात प्राचीन काळापासून प्रचलित आहे. मोहेंजोदडो येथील सुमारे १०.५ सेंटीमीटर उंचीची नर्तिकेची मूर्ती याच पद्धतीने घडविलेली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात या विधीचे वर्णन आढळते. ‘मधूच्छिष्ट’ म्हणजे मेण, यावरून त्यास ‘मधूच्छिष्टविधान’ म्हटले जाते. दक्षिण भारतातील चोळकालीन मूर्ती सामान्यतः भरीव ओतलेल्या असतात, तर आधुनिक युरोपीय शिल्पे बहुधा पोकळ असतात.

महत्त्व

प्रदर्शन ही अल्पायुषी गोष्ट आहे. काही महिन्यांनी चित्रे उतरविली जातात, शिल्पे पेट्यांत भरली जातात आणि त्यांची एकत्र मांडणी परत जमणे अवघड होते. १९५८ च्या ब्रिटिश दालनातील कलाकृती आज विविध संग्रहांत विखुरलेल्या आहेत. स्कॉट आणि आर्मिटेज यांची चरित्रे आता बहुधा स्वतंत्रपणे लिहिली जातात, एकाची चित्रकलेच्या इतिहासात व दुसऱ्याची शिल्पकलेच्या. दोघांना जोडणारे कॉर्शॅमचे दशक अशा विभागणीत मागे पडते. अमूर्त चित्र आणि मानवाकृती शिल्प हे परस्परविरोधी नसून एकाच शोधाचे भाग असू शकतात, हे दाखवून देणारा प्रसंग म्हणून या प्रदर्शनाचे अभ्यासमूल्य टिकून आहे.